‘मँक’, त्याचे प्रेक्षक आणि खरेखोटे

मागच्या व्याख्यानात आपण ‘कलाकृती खोटं बोलू शकते का?’ या प्रश्नापाशी थांबलो होतो. उत्तराची घाई करायची नाही, असं तेव्हा ठरलं होतं. आज तोच प्रश्न एका चित्रपटाच्या, खरं म्हणजे त्या चित्रपटाच्या प्रेक्षकांच्या आधाराने थोडा पुढे नेऊ.

चित्रपट आहे डेव्हिड फिंचर यांचा ‘मँक’. २०२० साली आला, बहुतेकांनी तो नेटफ्लिक्सवर घरी बसून पाहिला. हॉलिवूडचे जुने पटकथालेखक हर्मन मँकविट्स यांची ही गोष्ट. ‘मँक’ हे त्यांचं मित्रमंडळींतलं नाव. १९४१ च्या ‘सिटिझन केन’ची पटकथा लिहिणाऱ्या दोघांपैकी ते एक, दुसरे ऑर्सन वेल्स, म्हणजे त्या चित्रपटाचे दिग्दर्शक आणि नायकही. १९४० साली, मोडलेला पाय प्लास्टरमध्ये घालून, दारूपासून दूर ठेवलेले मँकविट्स कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील व्हिक्टरव्हिल इथल्या एका वसतिगृहवजा बंगल्यात पटकथा लिहीत आहेत, आणि मधूनमधून आपण १९३० च्या दशकातील त्यांच्या आयुष्यात जातो, अशी चित्रपटाची बांधणी आहे. गॅरी ओल्डमन यांनी मँकचे काम केले आहे. ऑस्करची दहा नामांकने मिळाली, त्यातली छायाचित्रण आणि कलादिग्दर्शन ही दोन पारितोषिके पदरात पडली.

आम्ही हा चित्रपट सात-आठ जणांच्या एका मंडळात पाहिला. सगळे निवृत्त, सगळे बोलघेवडे. चित्रपट संपल्यावर तीन प्रकारच्या प्रतिक्रिया आल्या, आणि नंतर समीक्षा वाचताना आमच्या लक्षात आले की जगभर साधारण याच तीन प्रतिक्रिया उमटल्या होत्या. पहिली: “सुंदर आहे, पण काही कळलं नाही.” दुसरी: “कळलं, पण हे खोटं आहे. वेल्सवर अन्याय आहे.” आणि तिसरी: “अहो, सिनेमा आहे तो! सिनेमासारखा बघा ना.”

या तिन्ही प्रतिक्रिया आम्हाला महत्त्वाच्या वाटतात. एकेक घेऊ.

पहिली प्रतिक्रिया आपण उगाच हसण्यावारी नेतो. ज्याने ‘सिटिझन केन’ पाहिलेला नाही, ज्याला वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट माहीत नाही, त्याला ‘मँक’मध्ये माणसे नुसती येता-जाताना दिसतात. पण याच प्रेक्षकाने एक मोलाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “मला वाटलं हा जुनाच चित्रपट आहे.” त्याचे काही चुकले नाही. फिंचर यांनी हे मुद्दाम केले आहे. चित्रपट कृष्णधवल आहे. आवाज एका दिशेने येणारा, जुन्या थिएटरात घुमावा तसा. पूर्वी एक रीळ संपून दुसरे लावायची वेळ आली की पडद्याच्या कोपऱ्यात एक गोल ठिपका उमटायचा, आठवतं का? तो ठिपकासुद्धा इथे आहे. आता हा चित्रपट डिजिटल कॅमेऱ्याने टिपलेला. त्यात रीळच नाही, मग ठिपका कशाचा? शिवाय प्रत्येक काळ बदलताना पडद्यावर टाइपरायटरची अक्षरे उमटतात: ठिकाण, साल, दिवस की रात्र. ती पटकथेची पद्धत आहे, पण बघणाऱ्याच्या मनावर परिणाम होतो तो कागदपत्राचा. जुनेपणा हा पुरावा नव्हे. पण डोळ्यांना तो पुराव्यासारखा दिसतो. हे वाक्य जरा बाजूला ठेवा, पुढे लागणार आहे.

आता दुसरी प्रतिक्रिया, रागाची. ती समजायची तर श्रेयाचा जुना वाद माहीत हवा. ‘सिटिझन केन’ला नऊ नामांकने होती आणि ऑस्कर मिळाले फक्त एक, मूळ पटकथेचे, मँकविट्स आणि वेल्स या दोघांना मिळून. पडद्यावर आधी मँकविट्स यांचे नाव येते, मग वेल्स यांचे. मुळात करार असा होता की लेखनाचे हक्क वेल्स यांच्या कंपनीकडे राहतील आणि मँकविट्स नावावर दावा सांगणार नाहीत. पुढे त्यांनी नाव मागितले, आणि ते मिळाले. तीस वर्षांनी, १९७१ मध्ये, समीक्षक पॉलीन केल यांनी ‘न्यू यॉर्कर’मध्ये एक लांबलचक लेख लिहून असे मांडले की पटकथा जवळजवळ सर्वस्वी मँकविट्स यांची होती. पीटर बोग्दानोविच यांनी पुढच्याच वर्षी त्याला सडेतोड उत्तर दिले. आणि १९७८ मध्ये रॉबर्ट कॅरिंजर या अभ्यासकाने पटकथेचे उपलब्ध खर्डे एकापुढे एक ठेवून तपासले. निष्कर्ष असा की पाया आणि बरीचशी सामग्री मँकविट्स यांची. पण त्या सामग्रीची काटछाट, पुनर्लेखन आणि तिला आलेले अंतिम रूप यांत वेल्स यांचा वाटा नुसता मोठा नव्हे, निर्णायक होता.

या वादातली एक गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. दुसऱ्याचे श्रेय हिरावले गेले, असे सांगणाऱ्या केल यांच्या त्या लेखात हॉवर्ड सूबर नावाच्या विद्यापीठीय अभ्यासकाचे संशोधन वापरलेले होते. त्यांचे नाव मात्र लेखात कुठेच नव्हते! श्रेयाचा प्रश्न किती निसरडा असतो, ते यावरून कळावे.

‘मँक’ची पटकथा फिंचर यांचे वडील जॅक फिंचर यांनी लिहिली. ते पेशाने पत्रकार, २००३ मध्ये वारले. मुलाने वडिलांचे लेखन त्यांच्या पश्चात पडद्यावर आणले. त्यात वेल्स मोजक्याच प्रसंगांत येतात: फोनवरचा आवाज, काळा झगा, आणि शेवटी श्रेयावरून चिडून दारूची पेटी भिरकावणारा तरुण. लिहिताना वेल्स आपल्याला दिसतच नाहीत. कॅरिंजर यांच्या कामाला चित्रपटात जागा नाही. म्हणून वेल्सप्रेमी चिडले. आमच्या मंडळातले एक गृहस्थ तर म्हणाले, “मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, म्हणून त्याच्यावर काहीही चालतं का?”

त्यावर तिसऱ्या प्रतिक्रियेचे लोक उभे राहतात. आणि त्यांच्या बाजूला फार मोठी मंडळी आहेत बरं का. अ‍ॅरिस्टॉटल ‘काव्यशास्त्रा’त सांगतो की इतिहासकार घडलेले सांगतो आणि कवी घडू शकेल ते सांगतो, म्हणून काव्य हे इतिहासापेक्षा तत्त्वज्ञानाच्या जवळचे. आपल्याकडे नवव्या शतकात आनंदवर्धन ‘ध्वन्यालोका’त कवीला स्पष्ट मोकळीक देतात: कथेतली एखादी गोष्ट रसाच्या आड येत असेल तर ती सोडा, रसाला अनुकूल अशी नवी कल्पा; नुसते इतिवृत्त सांगणे हे कवीचे प्रयोजनच नव्हे, ते काम इतिहास करतोच. कालिदासाने काय केलं? महाभारतातल्या शकुंतलेच्या गोष्टीत दुर्वासांचा शाप नाही. तो कालिदासाने घातला, आणि दुष्यंताचे विसरणे क्षम्य केले. यावरून कोणा प्रेक्षकाने नाट्यगृहात आरडाओरडा केल्याचे ऐकिवात नाही.

मग वेल्सच्या बाबतीत आपण का चिडतो? शापाबद्दल नाही आणि दारूच्या पेटीबद्दल मात्र हो, असं का? ‘एक पौराणिक, दुसरा ऐतिहासिक’ एवढे उत्तर पुरत नाही. आम्हाला वाटते, उत्तर काव्यशास्त्रात नाही, न्यायदर्शनात आहे.

ज्ञान कशाकशाने होते, याचा विचार करताना नैयायिक ‘शब्द’ हे एक प्रमाण मानतात. पण कोणाचाही शब्द प्रमाण होत नाही, आप्ताचाच होतो. इथे ‘आप्त’ म्हणजे नातेवाईक नव्हे. वात्स्यायनांच्या भाष्यात आप्ताच्या दोन अटी येतात: त्याला विषयाचे साक्षात ज्ञान हवे, आणि जसे पाहिले तसेच सांगण्याची इच्छा हवी. आता बघा, कवीला दुसरी अट लागूच होत नाही. ‘जसे आहे तसे’ सांगायची त्याची प्रतिज्ञा नसते, म्हणून तो आप्त नाही. आणि तशी प्रतिज्ञाच नसल्याने तो खोटारडाही नाही. खोटारडा कोण? जो आप्ताचा वेश घेतो आणि आप्ताचे काम करत नाही तो.

ही व्याख्या हाताशी धरून ‘मँक’च्या मर्माकडे जाऊ. ते मर्म श्रेयाच्या वादात नाही, १९३४ च्या निवडणुकीत आहे.

त्या वर्षी कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर डेमोक्रॅटिक पक्षातर्फे उभे होते. महामंदीचे दिवस. ‘कॅलिफोर्नियातली गरिबी संपवा’ अशी त्यांची मोहीम. बंद कारखाने आणि पडीक जमिनी बेकारांच्या हाती देऊ म्हणत होते. स्टुडिओमालक घाबरले. एमजीएमचे प्रमुख लुई बी. मेयर यांच्या स्टुडिओत कर्मचाऱ्यांकडून एक दिवसाचा पगार प्रतिस्पर्धी फ्रँक मेरियम यांच्यासाठी मागण्यात आला. आणि अर्व्हिंग थालबर्ग यांच्या देखरेखीखाली वृत्तपट तयार झाले. रस्त्यावरच्या माणसाची मुलाखत, असा त्यांचा थाट. मेरियमला मत देणार म्हणणारे लोक नीटनेटके, भले दिसणारे. सिंक्लेअरवाले गबाळे, विचित्र उच्चारांचे. कुठे रेल्वेने भटक्यांचे लोंढे राज्यात येत असल्याची दृश्ये. मुख्य चित्रपटाआधी बातम्या म्हणून हे थिएटरांत दाखवले गेले. ६ नोव्हेंबरला मेरियम सुमारे ११ लाख ३८ हजार मते घेऊन जिंकले, सिंक्लेअर यांना सुमारे ८ लाख ८० हजार मिळाली. पराभवाला इतरही कारणे होती, वर्तमानपत्रांचा विरोध तर प्रचंडच होता. पण पडद्यावरच्या बनावट बातम्यांनी निवडणूक लढवण्याचा तो एक आरंभ होता, यात शंका नाही.

हे सगळे ‘मँक’ उत्तम दाखवतो, आणि हे खरे आहे. मात्र चित्रपटात आणखी तीन गोष्टी आहेत. या वृत्तपटांची कल्पना मँकच्याच एका खोचक शेऱ्यावरून थालबर्गना सुचते. ते वृत्तपट बनवणारा शेली मेटकाफ हा मँकचा मित्र अपराधाच्या भावनेने आत्महत्या करतो. आणि त्या अपराधाचे ओझे वाहत मँक सहा वर्षांनी हर्स्टवर सूड म्हणून ‘केन’ लिहितो. या तिन्ही गोष्टी कल्पित आहेत. शेली मेटकाफ नावाचा माणूस नव्हताच. त्या वृत्तपटांशी ज्यांचे नाव जोडले जाते ते फेलिक्स फिस्ट पुढे कित्येक वर्षे चित्रपट दिग्दर्शित करत होते. सिंक्लेअरच्या पराभवाने मँकविट्स यांचे मन पोळले आणि त्यातून ‘केन’ जन्मला, याला आधार नाही.

गंमत लक्षात आली ना? बनावट वृत्तपटांचा निषेध करणाऱ्या चित्रपटाने त्या निषेधासाठी घटना बनवल्या. आमच्या मंडळात या मुद्द्यावर बराच वेळ शांतता होती. मग एक बाई म्हणाल्या, “म्हणजे थालबर्ग आणि फिंचर सारखेच?”

आमचे उत्तर: नाही, सारखे नाहीत. फरक आप्ताच्या वेशाचा आहे. वृत्तपटाने म्हटले, ‘ही बातमी आहे, हा तुमचा शेजारी आहे, मत देताना लक्षात ठेवा.’ पूर्ण वेश घेतला, आणि विश्वासच चोरला. फिंचर म्हणतात, ‘हे नाटक आहे, यात नट आहेत.’ तिकीट काढतानाच ते आपल्याला माहीत असते. पण, आणि हा ‘पण’ मोठा आहे, काळावर आधारलेला चित्रपट आप्ताचा वेश अर्धा का होईना उसना घेतोच. खरी नावे, खरी साले, टाइपरायटरची अक्षरे, तो कोपऱ्यातला ठिपका. बाजूला ठेवलेले वाक्य आता उचला: जुनेपणा पुराव्यासारखा दिसतो. कालिदासाने असले काही उसने घेतले नव्हते. म्हणून शापाचा राग येत नाही, पेटीचा येतो. चिडणाऱ्या प्रेक्षकाला कला कळत नाही, असे समजू नका. अर्ध्या वेशाला भुलून आपण पूर्ण विश्वास टाकला, हे त्याला अचानक जाणवलेले असते. तो चित्रपटावर चिडतो त्याहून जास्त स्वतःवर चिडतो.

आम्ही हे एवढ्या खात्रीने का म्हणतो? कारण आमचा स्वतःचा अनुभव तसाच आहे, आणि तो फारसा अभिमानास्पद नाही.

१९७० च्या दशकात, विद्यार्थी असताना, आम्ही एका फिल्म सोसायटीच्या खेळाला ‘सिटिझन केन’ पाहिला. भारावून गेलो. त्यात केनची दुसरी बायको सुझन आहे, गळा नसलेली गायिका. तिच्यासाठी केन ऑपेरागृह बांधतो, ती लोकांच्या हसण्याचा विषय होते, शेवटी त्याला सोडून जाते. केन म्हणजे हर्स्ट, तेव्हा सुझन म्हणजे हर्स्टची सहचरी, अभिनेत्री मेरियन डेव्हिस, हे आम्हाला कोणीतरी सांगितले आणि आम्ही ते धरून बसलो. पुढे प्राध्यापक झाल्यावर वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो: “पैशाने कला विकत घेता येत नाही, मेरियन डेव्हिसचे उदाहरण पाहा.” विद्यार्थी ते वहीत उतरवून घेत.

निवृत्तीनंतर कधीतरी तिचा १९२८ चा ‘शो पीपल’ हा मूकपट पाहिला. अहो, काय सुरेख विनोदी अभिनेत्री! स्वतःच्याच व्यवसायाची खिल्ली उडवताना चेहऱ्याची एकेक रेघ बोलते. मग थोडे वाचले. ती हर्स्टला सोडून गेली नव्हती. १९३७ मध्ये तो आर्थिक संकटात आला तेव्हा स्वतःचे किडूकमिडूक विकून तिने त्याला दहा लाख डॉलर दिले, आणि १९५१ मध्ये त्याने प्राण सोडला तो तिच्याच घरात. ऑपेराच्या प्रसंगामागे तर शिकागोच्या धनिकांच्या वेगळ्याच कथा होत्या. खुद्द वेल्स यांनी तिच्या आठवणींच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहून सुझन म्हणजे मेरियन नव्हे, हे स्पष्ट केले. पण ते पुस्तक आले १९७५ मध्ये, आणि मेरियन १९६१ मध्येच गेली होती. ‘केन’मध्ये तिचे नावसुद्धा नव्हते, तरी डाग तिलाच लागला. तो लावणाऱ्यांत आमच्यासारखे वर्गात उभे राहून बोलणारेही होते. त्या जुन्या विद्यार्थ्यांना आता कुठे शोधायचं?

‘मँक’ने हे कर्ज थोडे फेडले आहे. अमांडा सायफ्रेड यांनी रंगवलेली मेरियन हुशार, मिश्कील आणि मायाळू आहे. ते पाहून आम्हाला बरे वाटले. आणि त्याच बऱ्या वाटण्याच्या भरात शेली मेटकाफच्या आत्महत्येवर आमचा विश्वास बसला! चित्रपट संपल्यावर शोधायला गेलो तेव्हा कळले. एकदा हात पोळलेला माणूस पुन्हा त्याच तव्याला हात लावतो, तशी गत.

आता कोणी म्हणेल, हा जरा जास्तच बाऊ नाही का? पडद्यावरच्या नावाने काय एवढे बिघडते? डाल्टन ट्रंबो यांचे उदाहरण घ्या. साम्यवादाच्या संशयावरून त्यांना काळ्या यादीत टाकले, तेव्हा त्यांना टोपणनावाने किंवा दुसऱ्याच्या नावावर लिहावे लागले. ‘द ब्रेव्ह वन’चे ऑस्कर रॉबर्ट रिच या टोपणनावाला जाहीर झाले. १९५३ च्या ‘रोमन हॉलिडे’च्या लेखनाचे पूर्ण श्रेय ट्रंबोंना मिळायला २०११ साल उजाडले, तोवर त्यांना जाऊन पस्तीस वर्षे झाली होती. लेखक पडद्यावर दिसत नाही. त्याचे असणे म्हणजे ती नावाची एक ओळ. तिच्यासाठी मँकविट्स भांडले ते योग्यच होते. आणि म्हणूनच वेल्स यांच्या वाट्याची अर्धी ओळ पुसणेही हलके घेता येत नाही.

मग प्रेक्षकाने करायचे काय? चित्रपट पाहणे सोडायचे? मुळीच नाही. आनंदवर्धनांनी दिलेली मोकळीक आम्ही परत घेत नाही. व्हिक्टरव्हिलच्या खोलीत मँक काय बोलला, हे कल्पनेनेच भरावे लागणार. त्या कल्पनेने कोणाचे काही जात नाही. पण जिथे एखाद्या खऱ्या नावाच्या माणसाच्या पदरात दोष टाकला जातो, किंवा त्याच्या पदरातले काम काढून घेतले जाते, तिथे आपण आपल्या मनाशी एक खूण करायची: हे मला अनुभवायला मिळाले, कळले मात्र नाही. रस मिळाला, प्रमाण नाही मिळाले. दोन्ही वेगळ्या खिशांत ठेवायचे. आणि दुसऱ्याला सांगायच्या आधी, विशेषतः वर्गात सांगायच्या आधी, एकदा शोधून बघायचे.

एक गोष्ट ‘मँक’च्या बाजूने सांगून थांबतो. तो पाहिला नसता तर आमच्यापैकी कित्येकांना सिंक्लेअरची १९३४ ची निवडणूक कधीच कळली नसती. चित्रपटाने आम्हाला उत्तर चुकीचे दिले असेल, पण प्रश्नापर्यंत त्यानेच नेले. प्रमाण नसलेल्या गोष्टीचासुद्धा एवढा उपकार मानायला हरकत नाही.

पुढच्या वेळी येताना ‘शो पीपल’ जरूर पाहून या. फार मोठा नाही. आणि तो पाहताना मेरियन डेव्हिसला आमच्या वतीने मनातल्या मनात एक नमस्कार करा. आमचा राहिलेला आहे.